हाकेला आलेली ओ

या, जरा जवळ सरकून बसा. जे सांगणार आहे ते मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

ही गोष्ट खरी आहे. कुठे वाचलेली नाही, कोणाच्या मावसभावाच्या मित्राची नाही. माझी आहे आणि माझ्या नवऱ्याची आहे. तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टी सांगणारे सगळेच असं म्हणतात. म्हणतात खरे. पण मी देवाधर्माची बाई. कोणी देवाची कथा गाऊन सांगत असलं की पहिल्या रांगेत बसून डोळे पुसणारी. खोटं बोलून मला काय मिळवायचंय?

आणि रात्र नव्हती हो. शनिवारची दुपार होती. थंडीचे दिवस. आभाळ खाली आलेलं, पण लख्ख दिसत होतं सगळं.

जागा म्हणाल तर एक जुनं रणांगण. फार पूर्वी तिथे मोठी लढाई झाली होती. आता त्याचं उद्यान केलंय. तिकीट काढून आत जायचं, तोफांजवळ फोटो काढायचे, बाकावर बसून डबा खायचा आणि परत यायचं. रविवारी गर्दी असते. शनिवारी मोकळं.

पण त्याआधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

हे बसचे ड्रायव्हर. आयुष्यभर एकच काम. गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही यांची सवय जाईना. जेवायला बसताना खुर्ची पुढे ओढून आधी आरसा बघितल्यासारखं मागे बघणार. मी ताटावर चमचा दोनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "डबल बेल झाली, आता हला." तेव्हा कुठे पहिला घास.

मग ते विसरायला लागले.

आधी चष्मा, किल्ल्या. ते तर सगळेच विसरतात. मग एक दिवस दूध आणायला गेले आणि परत आलेच नाहीत. शोधत गेले तर चौकात उभे. इकडे बघतायत, तिकडे बघतायत. ज्या माणसाने हजारो लोकांना त्यांच्या त्यांच्या घराजवळ उतरवलं, त्याला स्वतःचं घर कुठल्या वळणावर ते आठवेना.

मला बघून इतकंच म्हणाले, "थांबा चुकला बहुतेक."

डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. औषधाने फार तर सावकाश वाढेल. एकटं सोडू नका.

पण एक गोष्ट शाबूत होती. मी घरात कुठूनही "अहो" म्हटलं की हे जिथे असतील तिथून "ओ" देत. विचार न करता. झोपेत असले तरी. मी बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवते, लोकांचे कपडे उसवून बेताचे करून देते. मशीन थांबवायचं, "अहो" म्हणायचं, आतून "ओ" आली की पुन्हा पाय मारायचा. दिवसभर असं चाललेलं. दोरीच म्हणा ना. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या.

ती दोरी सुटली की सगळं संपलं, हे मला पक्कं माहीत होतं.

नावाने मी त्यांना कधी हाक मारली नव्हती. आमच्या पिढीत बायका मारत नसत. लेक चिडवायची, "आई, बाबांचं नाव तुला येतं तरी का?"

मी म्हणायचे, "येतं की. वापरायला काढलं नाही. नवंकोरं ठेवलंय."

तर त्या रणांगणाच्या फाटकापर्यंत यांनी वर्षानुवर्षं बस नेली होती. आत मात्र एकदाही गेले नव्हते. पॅसेंजर आत फिरायचे आणि हे स्टिअरिंगवर पेपर वाचत बसायचे. त्या आठवड्यात अचानक म्हणाले, "एकदा आत काय आहे ते बघायचंय गं."

बऱ्याच दिवसांनी काहीतरी मागितलं होतं त्यांनी. मी कशी नाही म्हणणार?

लेकीला फोनवर सांगितलं. ती दूर असते, दुसऱ्या शहरात. म्हणाली, "बाबांना घेऊन एकटी कशाला जातेस?"

"एकटी कुठे? दोघं जातोय की."

ती म्हणाली, "हात सोडू नकोस त्यांचा."

बसमध्ये हे खुशीत होते. ड्रायव्हर तरुण होता. यांना ओळखत होता, काका म्हणाला. यांनी त्याला गिअर कसा टाकावा ते शिकवलं, त्याने निमूट ऐकून घेतलं. फाटकाशी उतरताना म्हणाला, "काकू, अंधाराच्या आत शेवटची गाडी माझीच आहे. चुकवू नका."

आत गेलो. तिकीट देणारी बाई खिडकीत स्वेटर विणत बसली होती, तिने मानही वर केली नाही. समोर नुसतं गवत. गुडघ्याएवढं, पिवळं पडलेलं. मधून विटांची पायवाट. लांब उंचवटे. त्यांच्या पलीकडे जुने खंदक, अर्धे बुजलेले. माणूस म्हणाल तर आम्ही दोघंच.

वारा नव्हता. पक्षीही नव्हते... ते तेव्हा लक्षात आलं नाही. आत्ता सांगताना येतं.

एका दगडी चौथऱ्यापाशी माहितीचा फलक होता. यांनी बसच्या पाटीसारखा तो मोठ्याने वाचला. लढाई एकाच दिवसाची. मेलेले दोन्हीकडचे, दूरदूरच्या गावांमधून आलेले. सगळ्यांना इथेच एकत्र पुरलं. नावं माहीत नाहीत.

"नावं माहीत नाहीत," यांनी परत वाचलं. मग मला म्हणाले, "मग बायकांना कळवलं कोणी?"

"कोणाच्या बायकांना?"

"ह्यांच्या."

"कळवलं असेल हो कोणीतरी."

"अगं, नावच माहीत नाही तर जाऊन सांगणार कोणाच्या दारात?" आणि गवताकडे बघत म्हणाले, "ह्यांना आत बोलवायला कोणी आलंच नसेल."

मी म्हटलं चला, डबा खाऊ.

बाकावर बसून जेवलो. थर्मासमधला चहा यांच्या कपात ओतला. नळ जवळच होता, बाकावरून दिसत होता. मी म्हटलं, "इथेच बसायचं. डबे विसळून आले." ते हसून म्हणाले, "ब्रेक लावलाय."

डबे विसळताना मी सारखी मान वळवून बघत होते. दिसत होते. पाठमोरे, कप हातात.

एकदा झाकण हातातून निसटलं. वाकून उचललं. मान वर केली...

बाक रिकामा.

कप बाकावर. चहातून वाफ येत होती.

मी धावले. पायवाटेवर कोणी नाही. तोफेजवळ कोणी नाही. तेवढ्यात ते खाली आलेलं आभाळ आणखी खाली उतरल्यासारखं झालं. धुकं नव्हे, पण लांबचं सगळं पुसट.

मी ओरडले, "अहो..."

"ओ."

डावीकडच्या उंचवट्यामागून. देव पावला असं वाटलं. डबे तिथेच टाकून गवतातून धावत गेले. उंचवट्याला वळसा घातला.

कोणी नव्हतं.

"अहो, कुठे आहात?"

"ओ..."

आता मागून. मी आले होते त्याच बाजूने.

वळले. गेले. तिथेही गवतच.

मनाला समजावलं, मोकळं मैदान आहे, आवाज घुमत असेल. पुन्हा हाक मारली.

"ओ."

खंदकाकडून.

तो आवाज यांचा नव्हता.

घोगरा होता. घशात माती गेलेल्या माणसासारखा.

मी न थांबता हाका मारत सुटले. कारण थांबले तर हे सापडणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. प्रत्येक हाकेला ओ येत होती. प्रत्येक वेळी वेगळीकडून. एक म्हाताऱ्याची. एक धाप लागलेल्याची. एक इतकी जवळून की माझा पदर हलला. आणि एक अगदी कोवळी... मिसरूड फुटलेल्या मुलाची. घाईघाईने दिलेली. हाक मारणारी निघून जाईल अशी भीती वाटावी, तशी.

रडवेल्या आवाजात मी म्हटलं, "अहो, पुरे झालं ना. चला घरी."

आणि गवत हललं.

वारा नव्हता म्हणून सांगितलं ना तुम्हाला? तरी हललं. सगळीकडून एकदम. खूप वेळ आडवी पडलेली माणसं अंग झटकून उठावीत, तसा आवाज.

मग पावलं.

दिसत काही नव्हतं. पण गवत वाकत होतं. एक रेघ इकडून, एक तिकडून. सगळ्या रेघा माझ्याकडे येत होत्या. धावत नव्हती ती पावलं. थकून कामावरून घरी येणाऱ्या माणसाची असतात ना, तशी होती.

इथे एकदा देवाचं नाव घ्या मनात. मीही घेत होते. मोठ्याने, चालीवर, जसं सुचेल तसं. आणि गाता गाता माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

मी हाक कोणाला मारत होते?

अहो. म्हणजे कोण? कुठल्याही घरातली कुठलीही बाई उंबऱ्यात उभी राहून मारते, तीच हाक. तिच्यात नाव नाही, गाव नाही. आणि मी ती मारली होती कुठे... तर जिथे नाव हरवलेले इतके नवरे झोपलेत तिथे. वर म्हटलं, चला घरी.

म्हणून ते निघाले होते.

वाकणारं गवत माझ्यापासून हातभर अंतरावर आलं. थंडगार मातीचा वास आला. मी डोळे मिटले आणि जन्मात न उच्चारलेलं ते नाव काढलं. ह्यांचं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते मी तुम्हाला सांगणार नाही, मागूही नका. जोराने उच्चारलं.

पावलं थांबली.

सगळी. एकदम.

मी डोळे उघडले नाहीत. पण ती शांतता मला अजून ऐकू येते. तुम्ही कधी स्टेशनावर कोणाला घ्यायला आलेल्या माणसाकडे बघून हसलाय, आणि तो तुमच्यामागच्या माणसासाठी आला होता असं निघालंय? तसं. फक्त एकाचं नाही. मैदानभर.

मग डोळे किलकिले केले तर गवत परत वाकत लांब चाललं होतं. हळूहळू. आलं तसंच, रेघारेघांनी.

"ओ. इथे आहे मी."

हा आवाज यांचा. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर खंदक होता, त्यातून. वाकून बघितलं तर हे तळाशी पाठ टेकून बसलेले. अंग चोरून, बाजूला जागा ठेवून. भरलेल्या बाकावर बसतात तसे.

मी खाली उतरून त्यांचा हात धरला. धरला म्हणजे कवटाळलाच.

"नावाने हाक मारलीस," ते म्हणाले. "काही झालंय का?"

"काही नाही. ओ का दिली नाहीत?"

"देत होतो की. पण माझ्याआधी हे देत होते." त्यांनी मोकळ्या खंदकावरून नजर फिरवली. "त्यांना वाटलं, त्यांच्या घरून कोणी आलं."

मी डबे उचलले, थर्मास उचलला आणि त्यांना जवळजवळ ओढतच फाटकाकडे निघाले. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

पण हे ड्रायव्हर. मागे बघितल्याशिवाय यांचं चाक हललंय कधी?

दर थोड्या अंतरावर मान वळवत होते. फाटकाजवळ आलो आणि थांबलेच.

"थांब. एक पॅसेंजर राहिलाय."

"कोणी नाही मागे. चला."

"आहे गं. तरुण आहे. पळत येतोय."

तिकीटवाली बाई गेली होती. बस उभी होती. मी यांना चढवलं, सीटवर बसवलं. तो पोरगा ड्रायव्हर दार लावायला लागला तर हे उठून उभे राहिले.

"एक मिनिट गाडी उभी ठेव. पॅसेंजर येतोय."

त्याने फाटकाकडे बघितलं. रस्ता रिकामा. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याला वाटलं, काकांचं डोकं. आपल्या खात्यातला जुना माणूस म्हणून मान ठेवून त्याने दार उघडं ठेवलं. बिचारा.

बस पायरीच्या बाजूला किंचित कलली... कोणी चढलं की कलते तेवढीच.

"आला," हे म्हणाले. "डबल बेल झाली, हलव."

घरी आल्यावर काही दिवस शांत गेले. मी देवापुढे दिवा लावला, मन लावून प्रार्थना केली. म्हटलं, झालं ते झालं, हे परत मिळाले.

मग एके सकाळी मशीन थांबवून मी म्हटलं, "अहो."

"ओ," हे म्हणाले.

आणि त्याच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाने...

"ओ."

हातातली सुई बोटात घुसली. उठून बघितलं. हे खिडकीपाशी बसलेले. शेजारची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली.

त्या दिवसापासून दोन येत. आधी यांची, मग ती कोवळी. मी अहो म्हणायचं सोडायचा प्रयत्न केला. यांना नावाने हाक मारून बघितली. पण नावाला हे वळतच नसत, जणू ते दुसऱ्या कोणाचं होतं. आणि ज्या दिवशी मी दिवसभर अहो म्हणत नसे, त्या दिवशी दिवेलागणीला आतल्या खोलीत येरझाऱ्या सुरू होत. दारापर्यंत यायचं, थांबायचं, परत जायचं. वाईट काही नाही. वस्तू पडत नाहीत, दिवे विझत नाहीत. नुसतं थांबणं.

शेवटी मी हाक मारायचे. येरझाऱ्या थांबायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच पुढे होत गेलं. यांची ओ बारीक झाली. मग उशिरा यायला लागली. मग कधी यायची, कधी नाही.

आणि एका दुपारी...

हे माझ्या समोर बसले होते. अगदी समोर, मशीनच्या पलीकडे. माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. मी हळूच म्हटलं, "अहो."

त्यांचे ओठ मिटलेले होते. हलले नाहीत.

"ओ," आतल्या खोलीतून आलं.

तेव्हा लेकीचा फोन चालू होता, माझ्या कानाला लावलेला. तिनेही ऐकलं. आनंदाने म्हणाली, "आई, बाबा आज बरे दिसतायत. ओ दिली बघ लगेच. आवाज किती खणखणीत."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर यांची ओ परत आली नाही. जेवतात, भरवलं तर. झोपतात. हात धरला तर धरू देतात. पण माझ्या हातातली दोरी... तिच्या त्या टोकाला आता हे नाहीत. दुसराच कोणीतरी आहे. आणि तो ती सोडत नाही.

शेजारणी म्हणतात, धीराची आहेस गं, एवढी हाका मारत राहतेस. त्यांना ओ ऐकू जात नाही बहुतेक. किंवा जाते आणि त्यांना वाटतं, यांचीच.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते. आतल्या खोलीत मी दिवसासुद्धा पाठ करून उभी राहत नाही. पण घर एवढं गप्प झालंय की हाकेला कोणीतरी ओ देतं याचं बरंही वाटतं. देवाला विचारते, हे पाप आहे का. देव अजून बोलला नाही.

मागच्या आठवड्यात मी धीर केला. आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. म्हटलं, तू परत जा असं नाही म्हणत. पण तुझ्या घरच्यांसाठी एकदा देवापुढे तुझं नाव घ्यावं असं मनात आहे. मग आवाज जमेल तेवढा मऊ करून विचारलं, "अहो, तुमचं नाव काय?"

खुर्ची करकरली. कोणीतरी खूप आठवून बघतंय असं वाटलं. खूप...

आणि मग अगदी हळू, शरमल्यासारखं आलं,

"ओ."

तेवढंच त्याला येतं.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. माझंही वय झालंय. मी गेल्यावर यांना लेक घेऊन जाईल, घराला कुलूप लागेल. आत तो असेल. रोज दिवेलागणीला दारापर्यंत येईल आणि थांबेल.

हाक मारू नका. ते चुकूनही करू नका, तो तुमच्याकडे येईल. पण संध्याकाळी तुमच्या घरी कोणी कोणाला जेवायला बोलावलं, आणि आतून ओ आली, की क्षणभर त्याला आठवा. नाव नसलं तरी चालेल. कोणाचा तरी तो होता.